आधी जाग कोणाला

सकाळी साडेनऊला धाकटीने नव्या कॉम्प्युटरवर आपलाच प्रोग्राम सहज म्हणून चालू केला आणि पडद्याच्या तळाशी, फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला दिसणारी एक ओळ उमटली. ब्रेक सापडला नाही.

तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. ओळ आली नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही नाही. सातव्यांदा आली.

गोदीतली क्रेन उंच केबिनमध्ये न चढता खालच्या खोलीत पडद्यासमोर बसून चालवता यावी, म्हणून तिने हा प्रोग्राम लिहिला होता. लिहिला होता गेम बनवायच्या इंजिनातच. त्यात प्रत्येक वस्तूला छोटे छोटे भाग जोडायचे. माल उचलणाऱ्या आकड्याचा एक, ब्रेकचा एक, थांबवायच्या लाल बटणाचा एक. दृश्य उघडलं की इंजिन या भागांना एकेक करून जागं करतं, पण आधी कोणाला, याची हमी नाही. बटणाचा भाग जागा होताच ब्रेकला शोधायचा, तेही एकदाच. ब्रेक तोवर झोपेत असला तर हाती काही लागायचं नाही आणि बटण तसंच गप्प राहायचं. ते लाल दिसणार, दाबलं की टक् वाजणार, पण थांबणार काहीच नाही.

तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर सहा महिने ब्रेकच आधी उठत आला होता. नशीब, दुसरं काय!

आणि दहाला गोदीत पहिली चाचणी होती. पडद्यासमोर बसणार होता तिचा दादा. वीस वर्षं क्रेनवर काढलेला माणूस, पण या कामासाठी आपलं नाव त्याने आपणहून दिलं होतं.

तिने फोन लावला. तो वाजतच राहिला. मग वहिनीला लावला. कामावर असताना तो फोन कपाटात ठेवतो हे तुला ठाऊक नाही का, असं म्हणून वहिनीने विचारलं, तुझा आवाज असा का येतोय? काही नाही म्हणत धाकटी जिना उतरलीसुद्धा. गोदी दोन रस्ते पलीकडे होती. एक चप्पल वाटेत तुटली, ती तिने तिथेच टाकली.

खोलीत शिरली तेव्हा माल वर उचललेला होता. पडद्यावर लोखंडी पेटारा लोंबकळत होता आणि त्याच्याखाली दोन कामगार दोर धरून उभे होते. दादामागे गोदीचे साहेब हाताची घडी घालून बघत होते.

थांब, असं ओरडायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ती ओरडली तर दादाचा हात सवयीने लाल बटणावरच जाईल. त्या बटणाच्या भरवशावर तो हातातला क्रेन चालवायचा दांडा सोडून देईल, आणि पेटारा आवरायला काहीच उरणार नाही.

ती त्याच्या कानाशी वाकली. "दादा, दांडा सोडू नकोस. लाल बटणाला हात लावू नकोस."

त्याने मान वळवली नाही. "काय झालंय?"

"ते बटण ब्रेकला जोडलेलं नसेल कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही."

साहेब काहीतरी बोलू लागले, पण दादाने वायरलेसवरून त्या दोघांना बाजूला व्हायला सांगितलं. ते गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं, त्याच संथ आवाजात. ते सरकल्यावर त्याने पेटारा इंचाइंचाने खाली आणला. 

पेटारा सोडवल्यावर दादाने रिकामा आकडा वर नेला, तो खाली आणायला लागला आणि मध्येच त्याने बटण दाबलं. टक् वाजलं. आकडा खाली येतच राहिला. क्रेनच्या पायथ्याच्या माणसाने वीज तोडणारा मोठा खटका पाडला तेव्हा कुठे तो थांबला.

चूक आपली आहे, आपण एकाच कॉम्प्युटरवर भरवसा ठेवला, हे तिने साहेबांना तिथेच सांगितलं. साहेबांनी चाचणी तीन आठवडे पुढे ढकलली. तेवढ्या वेळात तिने सगळं दोन टप्प्यांत केलं. आधी प्रत्येक भागाने उठून फक्त स्वतःला सावरायचं, आणि सगळे उठल्यावरच एकमेकांना शोधायचं. एक जरी सापडला नाही, तर क्रेन हलणारच नाही. पाच कॉम्प्युटरांवर तिने ते शेकडो वेळा उघडून पाहिलं.

दादा तिला रागावला नाही. तिलाच राहवलं नाही, म्हणून एकदा तिने विचारलं, वरच्या केबिनमध्ये असताना तू काम सुरू करायच्या आधी काय करतोस?

"आधी ब्रेक तपासतो. रोज."

"मग त्या दिवशी?"

"ते तू बनवलं होतंस ना," तो म्हणाला.

दुसऱ्या चाचणीला त्याने माल उचलण्याआधी रिकामा आकडा खाली सोडून बटण दाबलं. आकडा जागच्या जागी थांबला. त्याने ते तीनदा केलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"अजून एकदा," धाकटी म्हणाली.