देव्हाऱ्याशेजारची पेटी

मित्रांनो, माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे काही नाही. मी पत्र्याची पेटी. हिरवा रंग बराचसा उडालेला, एक कडी तुटलेली. शिवाय अठ्ठेचाळीस पुस्तके पोटात बाळगूनही मला स्वतःला एक अक्षर वाचता येत नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात चूकभूल होईल. पण एका दुपारी मी जे पाहिले, ते कुणीतरी सांगायला हवे, आणि पाहणाऱ्यांपैकी आता इथे मीच उरले आहे.

माझा जन्म नाशिकला भद्रकालीतल्या एका दुकानात झाला. माझ्याबरोबरच्या पेट्या नव्या नवरींच्या रुखवतात गेल्या. माझ्याही पोटात लुगडी येतील, अत्तराचा वास येईल, असे मला वाटे. १९७९ साली नाशिक रोडहून विमलाबाई नावाच्या एक शिक्षिका आल्या आणि त्यांनी मला प्रौढ शिक्षणाच्या वर्गासाठी नेले. माझ्यात पातळ पातळ पुस्तके रचली गेली. मोठी अक्षरे, पानोपानी चित्रे. कुणात विहिरीच्या पाण्याची माहिती, कुणात लसीची, कुणात गोष्टी. सुरुवातीला मला थोडे वाईट वाटले, हे लपवत नाही.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात, अशा एका वस्तीवर माझी रवानगी झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार तिथल्या चावडीत बायकांचा वर्ग भरे. विमलाबाईंची एक रीत होती. शुक्रवारी प्रत्येकीने एक पुस्तक घरी न्यायचे आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचायचे. मंगळवारी बाई "काय वाचलं?" असे विचारतच नसत. त्या विचारत, "ऐकायला कोण कोण होतं?"

"मालक व्हते, सासरा व्हता," सिंधुबाई म्हणे, "आन् म्हस बी व्हती, बाई. कान हालवीत व्हती."

"म्हशीला समजलं का?"

"मालकापरीस जास्त समजलं!"

असे हसणे चाले. ज्या हातांना खुरप्याशिवाय काही ठाऊक नव्हते, ते हात आता माझ्यातून पुस्तक उचलत. काळ्या मुंग्यांसारख्या त्या ओळींवर बोट ठेवले की बाईच्या तोंडून शब्द निघे. कागदात इतके दिवस गप्प बसलेला शब्द! मला तर ती जादूच वाटे. अजूनही वाटते.

पहिल्या पावसाळ्यात चावडीत उंदरांनी माझ्यातली दोन पुस्तके कुरतडली. तेव्हा धोंडाबाई म्हणाली, "माझ्या घरी ठिवा." धोंडाबाई म्हणजे वर्गातली सगळ्यांत वडीलधारी बाई. पन्नाशीला आलेली, शब्दाला पक्की, स्वच्छतेची भोक्ती. तिने आतल्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी पाट मांडला आणि मला त्यावर बसवले. दसऱ्याला मला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ आली.

"धोंडाबाई, देवाजवळ कशाला? हाताजवळ ठेवा," विमलाबाई म्हणाल्या.

"सरस्वती हाय ती, बाई. कुनाच्याबी खरकट्या हातानं शिवायची का?"

मग नियम झाले. आंघोळ केल्याशिवाय पेटी उघडायची नाही. आणि महिन्याचे चार दिवस बाई घरात बाजूला बसली असेल, तर तिने देवाला जसे शिवायचे नाही, तसे मलाही शिवायचे नाही. हळूहळू बायका पुस्तक मागायलाच कचरू लागल्या. शुक्रवारी पाच-सहाच पुस्तके बाहेर पडत. आणि मला, मित्रांनो, ते आवडत होते. हळदकुंकू कुणाला नको असते?

धोंडाबाईचा मुलगा गोरक्ष वीज केंद्रात कामाला होता. त्याची बायको मैना चौथीपर्यंत शिकलेली. त्या घरात तिच्याइतके सरसर कुणालाच वाचता येत नसे. त्यांचा वाल्मीक दहा महिन्यांचा होता. १९८२ च्या भाद्रपदात एके दिवशी पहाटेपासून त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. गोरक्ष कामावर गेला होता. नाशिक रोडला जाणारी गाडी संध्याकाळीच होती.

"पानी तोड त्याचं," धोंडाबाईने सुनेला सांगितले. "अंगावर बी पाजू नको. पोट रिकामं राहिलं म्हंजी ढाळ बांधत्याल."

ती कठोर नव्हती. तिच्या आईने तिला हेच सांगितले होते, आणि आईला तिच्या आईने.

दुपार झाली. मैना दाराशी पोत्यावर मूल घेऊन बसली होती. ती त्या दिवशी बाजूला होती. मला पाटावरून सगळे दिसत होते. वाल्मीकचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. तो रडत होता, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हते.

"आत्याबाई," मैना एकदम म्हणाली, "त्या निळ्या पुस्तकात ह्याचंच हाय. वर्गात तुमी नव्हता त्या दिशी बाईंनी वाचून दाखिवलं व्हतं. मीठ-साखरेचं पानी पाजायचं व्हतं. माप माझ्या ध्यानात नाय. काढू का?"

"पानी पाजायचं? येडी का खुळी तू?"

"बघू तरी द्या वो."

"तू हात लावू नको. मी काढते."

धोंडाबाईने हात धुतले आणि माझे झाकण उघडले. निळे पुस्तक तळाशी होते. तिने ते काढले, चित्र पाहून पान शोधले आणि बोट ठेवले.

"बा... ळा... ला. बाळाला. पा... नी. पानी." ती थांबली. पुढच्या शब्दात बोट अडकले. परत मागे आले. "बाळाला पानी..." पुढचे तिला लागेना.

मित्रांनो, मी तिच्या हाताशी होते आणि मलाही ते वाचता येत नव्हते. बाळाला पाणी पाजा, की बाळाला पाणी तोडा? त्या दोन शब्दांच्या पलीकडे मुलाचा जीव होता. ते शब्द माझ्या पोटात तीन वर्षे पडून होते आणि मी फुले मिरवत बसले होते.

"आत्याबाई, द्या ना!" मैना ओरडली. मुलाची मान तिच्या हातावर कलली होती.

धोंडाबाईने देवांकडे पाहिले. मग तीन पावले टाकून दाराशी गेली आणि ते पुस्तक तिने सुनेच्या मांडीवर ठेवले.

"वाच, पोरी. काय पाप लागंल ते माझ्या माथी."

मैना भरभर वाचू लागली. बाळाला पाणी पाजणे मुळीच थांबवू नये. अंगावर पाजत राहावे. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्याने थोडे थोडे पाजावे. मूल मलूल पडल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

धोंडाबाईने दुधाचे लिटरचे माप धुतले, पाणी उकळले, परातीत ओतून गार केले. "सपाट म्हंजी कसं?" तिने विचारले आणि मैनाने सांगितले तसा चमचा बोटाने पुसून घेतला. मग दोघी एका पोत्यावर बसल्या. कोण कुणाला शिवले, याची आठवणही कुणाला राहिली नाही. एक चमचा. थोडे थांबून दुसरा. पहिले पाणी उलटून पडले. पुन्हा चमचा.

उन्हे कलली तेव्हा धोंडाबाई एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारची सिंधुबाई धावत आली.

"मुतला गं! माझा वाल्मीक मुतला!"

दुपट्यावर ओला डाग होता, पाणी अंगी लागल्याची खूण. त्या डागाकडे तिघी बायका अशा पाहत होत्या की देव्हाऱ्यातल्या देवांकडेही त्यांना तसे पाहताना मी पाहिले नव्हते.

गोरक्ष आला आणि मूल घेऊन सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, असे मी मागून ऐकले, "पाणी पाजलंत म्हणून हा इथवर आला."

तिसऱ्या दिवशी मूल घरी आले. त्या दुपारी धोंडाबाईने मैनाला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. मग ती हळू म्हणाली,

"तुझ्या दादल्याच्या आधी मला एक लेक व्हता. केरू. दीड वर्साचा. असाच ढाळ लागला त्याला. तांब्याकडं हात करायचा. मी तांब्या उचलून फळीवर ठिवला."

मैनाने सासूचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाईने मला पाटावरून उचलले आणि ओसरीत दाराशी, जमिनीवर ठेवले. मंगळवारी वर्गाला आलेल्या बायकांना ती म्हणाली, "कुनीबी उघडा. कवाबी. बाजूला बसली असाल तरी उघडा." आणि विमलाबाईंना म्हणाली, "मला ती आखी ओळ वाचाय शिकवा. बाकीचं मागून."

सहा महिने लागले. मग ती मला डोक्यावर घेऊन आसपासच्या वस्त्यांवर जाऊ लागली. एखाद्या ओट्यावर मला उतरवायची, निळे पुस्तक काढायची आणि ओळीखाली बोट धरून ती ओळ पुरी वाचायची. तोंडपाठ झाली तरी बोट धरूनच वाचायची. बायकांनी म्हटले, "खरंच असं लिवलंय?" तर त्यांचे बोट धरून त्या अक्षरांवर ठेवायची. तिच्या डोक्यावर बसून मी किती वस्त्या पाहिल्या! अडाणी पत्र्याला एवढे भाग्य लाभावे, हे मला आजही खरे वाटत नाही.

पुढे वर्ग बंद झाला. धोंडाबाई गेली. पुस्तके हाताळून हाताळून फाटली, निळे तर सर्वांत आधी. आता मी शाळेच्या खोलीत तुटक्या बाकांखाली आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. माझी माळही नको. तुमच्या घरी पुस्तके असतील तर ती खराब होतील म्हणून कुलपात घालू नका, पवित्र आहेत म्हणून उंचावर ठेवू नका. तान्हे मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला न उठता हात पुरेल, इतकी ती खाली ठेवा.