चेष्टा नावाचा ब्लॉग

विभाने ब्लॉग सुरू केला त्याला कारण शेजारच्या श्रीवास्तव भाभी, आणि त्याहून खरं कारण म्हणजे त्यांचा लाउडस्पीकर.

२००७ सालची गोष्ट. विभाचा नवरा जगदीश इंगोले रेल्वेत इंजिनिअर. भुसावळहून त्याची बदली लखनौला झाली आणि आलमबागच्या रेल्वे कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळालं. सामान पुरतं लागलंही नव्हतं, तोच एका सकाळी भाभी दारात उभ्या. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर लखनवी अदब.

"भाभीजी, कल हमारे यहाँ कीर्तन है। लाउडस्पीकर लगेगा। आपको कोई आपत्ति तो नहीं?"

आपत्ती! सकाळी सकाळी ही बाई असं अभद्र का विचारते आहे? जगदीशच्या ऑफिसातून काही निरोप आला की काय? तिने घाईघाईने हात जोडले. "नहीं नहीं, भगवान की कृपा से हमारे यहाँ सब कुशल है!"

भाभी क्षणभर गोंधळल्या, मग "हाँ हाँ, बना रहे" म्हणून हसून निघून गेल्या. दुपारी शाळेतून आलेल्या अंतराला विभाने हे सांगितलं, तर ती पोट धरून जमिनीवरच बसली. "मम्मी! आपत्ति मतलब ऑब्जेक्शन! वो पूछ रही थीं, आपको चलेगा ना?"

अंतरा तेव्हा नववीत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण लखनौला आल्यापासून उत्तर यायचं ते हिंदीतच. विभा मराठीत रागवायची, लेक हिंदीत माफी मागायची. त्या दिवशी हसून झाल्यावर तीच म्हणाली, "यार मम्मी, ये सब लिखा करो। ब्लॉग बना देती हूँ।"

रोमन अक्षरं टाइप केली की मराठी उमटवणारं एक सॉफ्टवेअर तिने कॉम्प्युटरवर चढवलं, फुकटातला ब्लॉग उघडला आणि विचारलं, "नाम?"

विभाच्या डोक्यात सकाळपासून शब्दच शब्द फिरत होते. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ती म्हणाली, "चेष्टा." दोन्ही अर्थांनी ते नाव शोभणारं होतं.

पुढची चार-पाच वर्षं विभाच्या दुपारी त्या ब्लॉगच्या झाल्या. जगदीश ऑफिसला, अंतरा शाळेला गेली की ती कॉम्प्युटरसमोर बसे. अमीनाबादेत पडद्याचं कापड आणायला जावं आणि घरी येताना तीन शब्द घेऊन यावेत, असं चाले. सरकारी इमारतीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी वाचून आपण कशा दचकलो, ते तिने लिहिलं. 'समाधान केंद्र' बघून वाटलं, वा, इथे समाधानही मिळतं! आत वीजबिलाच्या तक्रारी घेऊन माणसं तावातावाने भांडत होती, तेही लिहिलं.

ब्लॉग म्हणजे नुसतं लिहिणं नव्हे, हे तिला हळूहळू कळलं. कुणाच्या कॉम्प्युटरवर वेलांट्या उलट्या दिसायच्या, कुणाला नुसते चौकोन दिसायचे. कुणी परदेशी माणूस दर पोस्टखाली केस वाढवायच्या तेलाची जाहिरात चिकटवून जाई. ती उडवावी लागे. भेटींचा आकडा दाखवणारा एक काउंटर तिने लावला होता. एके दिवशी तो आपणहून शून्यावर आला, तेव्हा ती दिवसभर चिडचिडली. जगदीश म्हणाला, "अगं, माणसं आली होती ती आलीच होती ना?" पण त्याने तिला दुसरा काउंटर शोधून दिला.

आणि माणसं येतही होती. दुबईहून, ठाण्याहून, गुवाहाटीहून. पाटण्यातल्या एका बँक अधिकाऱ्याने लिहिलं की, मीही चार वर्षं लोकांनी 'आप बहुत चेष्टा करते हैं' म्हटलं की रागवायचो. विभा प्रत्येकाला उत्तर द्यायची. घरी पाहुणा आल्यावर पाणी द्यावं तसं.

सगळ्यांत गाजली ती 'अभिमान' नावाची पोस्ट. दहावीत अंतराला उत्तम मार्क पडले तेव्हा श्रीवास्तव भाभी अभिनंदनाला आल्या होत्या. विभाने सांगितलं, "भाभी, हमको हमारी बेटी का बहुत अभिमान है।" हिंदीत अभिमान म्हणजे घमेंड. भाभींनी तिचा हात हातात घेऊन अतिशय मायेने समजूत काढली, "कोई बात नहीं। धीरे-धीरे चला जाएगा।"

एवढ्यावर थांबावं की नाही? पण विभाने पुढे तीन परिच्छेद लिहिले. मातृभाषा म्हणजे काय, भाषाभगिनी म्हणजे काय, आणि शेवटी दोन नद्यांचा संगम. तरी लोक खूश होते. खाली कॉमेंटांची रांग लागली.

मग फेसबुक आलं. पाटण्याचे अधिकारी तिकडे गेले, दुबईवाल्या बाईही गेल्या. कॉमेंट आठवड्यावरून महिन्यावर आल्या. ज्या साइटवर तिने फोटो ठेवले होते ती साइटच बंद पडली, आणि जिथे फोटो होते तिथे राखाडी चौकोन उरले. अंतरा शिकायला बंगळुरूला गेली आणि पुढे तिथेच नोकरीला लागली. विभा अधूनमधून लिहायची, मग सणासुदीला लिहायची, आणि २०१३ च्या दिवाळीनंतर तिने लिहिलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "अहो, रिकाम्या हॉलमध्ये किती वेळ भाषण करायचं?"

दीड वर्ष असं गेलं. २०१५ च्या उन्हाळ्यात नागपूरहून तिच्या नणंदेचा, सुलभाताईंचा, व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मेसेज आला. वर लिहिलं होतं, 'वाच गं. अगदी तुझ्यासारखंच झालंय कुणाचं तरी!'

विभाने वाचायला सुरुवात केली आणि ती पलंगावरून उठूनच बसली. तिचीच 'अभिमान'! शब्द न् शब्द तिचा. फक्त लखनौचं इंदूर झालं होतं, श्रीवास्तव भाभींच्या शर्मा आंटी झाल्या होत्या, आणि खाली 'अज्ञात'.

तिने लिहिलं, 'ताई, हे माझंच आहे.'

सुलभाताईंचं उत्तर लगेच आलं. हसणाऱ्या चेहऱ्यांची एक ओळ आणि पुढे, 'हो ना! वाचताना अगदी आपलंच वाटतं!'

विभाला रागही आला आणि हसूही. जगदीश मात्र खवळला. तीन दिवस तो ऑफिसातून फोन करकरून विचारत होता, कुणी पहिल्यांदा पाठवलं ते शोधता येतं का. "अहो, आता ती पोस्ट कुठल्या कुठे पोहोचली असेल. जाऊ द्या," विभा म्हणाली. पण रात्री जेवताना तिचं लक्ष नव्हतं. आपलं मूल दुसऱ्याच्या कडेवर खिदळताना दिसावं, तसं काहीसं तिला होत होतं.

त्या वर्षी गणेशोत्सवात मराठी मंडळाचा करमणुकीचा कार्यक्रम होता. लखनौतली पन्नासेक मराठी कुटुंबं, कुणी संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, कुणी रेल्वेतले, कुणी केंद्र सरकारचे अधिकारी, वर्षातून त्या एका संध्याकाळी एकत्र जमायची. मुलांचे नाच झाले. मग निवेदक म्हणाले, "आता सौ. नयना एक किस्सा सादर करतील."

ही नयना त्याच वर्षी सांगलीहून आलेली. तिचा नवरा सिद्धेश पोस्ट खात्यात अधिकारी. तिशीची, बारीक चणीची, माइक तिच्या नाकाच्या वर येत होता. तो खाली ओढत ती म्हणाली, "मला व्हॉट्सअॅपवर आलेला किस्सा आहे. लेखक कोण ते माहीत नाही. मुळात इंदूरचा आहे, पण आपला वाटावा म्हणून मी तो लखनौला आणलाय."

पहिल्याच वाक्याला विभाच्या दंडाला जगदीशचा चिमटा बसला. "तुझंच आहे हे! ऊठ. सांग सगळ्यांना!"

"थांबा हो."

"काय थांबा? अगं, भरसभेत चाललंय!"

"अहो, थांबा ना. छान म्हणतेय ती."

आणि खरोखरच ती छान म्हणत होती. भाभींचा पदर, ती मान कलती करून बोलायची ढब, सगळं नयनाने हुबेहूब उभं केलं. ब्लॉगवर 'हाहाहा' लिहिणारी माणसं विभाने पुष्कळ पाहिली होती, पण आपल्या वाक्याला माणसं खरोखर हसतात तेव्हा कसा आवाज होतो, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या रांगेतले जाडजूड शास्त्रज्ञ सदाशिवराव चष्मा काढून डोळे पुसत होते.

"कोई बात नहीं," नयना भाभींच्या मायेने म्हणाली, "धीरे-धीरे चला जाएगा।"

हॉल हसून हसून शांत व्हायला आला. आता येणार ते तीन परिच्छेद, आणि तो संगम.

पण नयना पुढे म्हणाली, "दुसऱ्या वर्षी पोरीला अकरावीत जेमतेम मार्क पडले. मी तोंड लपवून बसले होते. तेवढ्यात बेल वाजली. दारात भाभी, हातात मोतीचूर लाडवांचा डबा. म्हणाल्या, बधाई हो! सुना है, आपका अभिमान टूट गया!"

सगळा हॉल हसून कोसळला. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल, तर विभा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, शेजारच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला.

चहाच्या टेबलापाशी नयनाला लोकांनी गराडा घातला होता. विभा वाट काढत पोहोचली. "शेवट कुणाचा?"

"म्हणजे, काकू?"

"लाडवांचा डबा. तो कुठून आला?"

नयना जरा ओशाळली. "तो माझा आहे. आलेला मेसेज 'चला जाएगा' वरच तुटला होता. मला वाटलं, पुढे काहीतरी हवं. वाईट झाला का?"

"अगं, माझ्यापेक्षा शंभरपट चांगला आहे. मी तिथे नद्या आणल्या होत्या."

नयनाला काही कळेना. तेव्हा जगदीशने, जो एवढा वेळ बोलणं दाबून ठेवून लाल झाला होता, खिशातून मोबाइल काढून ब्लॉगच तिच्यापुढे धरला. 'चेष्टा', वर विभाचं नाव, खाली २००९ सालची तारीख. नयनाने वाचलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"काकू, देवाशपथ, मला माहीत नव्हतं. मी आत्ता स्टेजवर जाऊन सांगते."

"काही सांगू नकोस. तू उद्या घरी ये."

नयना दुसऱ्या दिवशी आली ती हातात पेढे घेऊन आणि चेहरा पाडून. विभाने तिला आधी पोटभर कांदेपोहे खायला घातले आणि मग कॉम्प्युटरसमोर बसवलं. ब्लॉगची दशा बघून नयनाचा पडलेला चेहरा कुठल्या कुठे गेला. "काकू, हे काय, सगळीकडे राखाडी चौकोन! आणि हे केसांचं तेल?"

"दोन वर्षं कुणी झाडलं नाहीये."

दोघींनी पदर खोचला. नयना यायची ती दुपारीच. जुने फोटो विभाच्या सीडींमधून निघाले आणि एकेक करून जागेवर बसले. मोबाइलवर नीट दिसेल असं नवं रूप नयनाने ब्लॉगला दिलं. तेलाच्या जाहिराती उडवताना दोघी एकीनं वाचायची, दुसरीनं मारायची, असा खेळ करत. 'अभिमान' मधले ते तीन परिच्छेद विभाने स्वतःच्या हाताने काढले, तिथे लाडवांचा डबा ठेवला आणि खाली लिहिलं, 'शेवट : नयना'. वर ब्लॉगच्या नावाखाली आता दोन नावं आली.

अंतराचा बंगळुरूहून फोन आला. "मम्मी! अपना ब्लॉग ज़िंदा हो गया? और लड्डू वाला एंडिंग किसका है? मैं मीटिंग में हँस पड़ी!"

"मग कॉमेंट टाक की. मराठीत टाक."

लेकीने टाकली. 'आई खूप मस्त. मला तूझा अभीमान आहे. मराठी वाला.' ऱ्हस्व-दीर्घाचे तीन तेरा वाजले होते. विभाने एक अक्षरही सुधारलं नाही. उलट दिवसभर जो येईल त्याला मोबाइल उघडून दाखवत होती.

वाचकांची पहिल्यासारखी गर्दी झाली नाही, पण व्हायची तेवढी झाली. पोस्ट आता दोघी मिळून लिहायच्या, म्हणजे भांडून लिहायच्या. विभाला शेवटी उपदेश करायची खोड, नयनाला तो खोडायची. जगदीशच्या बदल्या झाल्या त्या लखनौतल्या लखनौत, आणि सिद्धेशनेही आणखी थोडी वर्षं इथेच मागून घेतली. त्याचं म्हणणं, बायको इतकी हसते आहे, तर आपण कशाला हलायचं?

२०१९ च्या मार्चमध्ये मेट्रो हज़रतगंजपर्यंत सुरू झाली, तेव्हा दोघी आलमबागेतून नव्या कोऱ्या डब्यात चढल्या. गंजमध्ये चाट खायची, एवढाच बेत. स्टेशन जवळ आलं आणि वरून गोड आवाजात सूचना झाली, "दरवाज़े बाईं ओर खुलेंगे।"

"ऐकलंस?" विभा पर्स सावरत उभी राहिली. "दरवाजे बाईंकडे उघडणार. किती मान देतात बघ."

"मग बाप्यांनी कुठून उतरायचं, काकू?"

एवढं पुरलं. दोघींना हसू असं फुटलं की आवरेना. समोर बसलेल्या एका आजोबांनी काळजीने विचारलं, "बहनजी, तबीयत ठीक है?" त्यांना समजावून सांगता सांगता दार उघडलं, बंद झालं, आणि हज़रतगंज मागे गेलं.

"हे मी लिहिणार," नयना मोबाइल काढत म्हणाली.

"अगं ए, मला आधी सुचलंय!"

"सुचलं तुम्हाला, शेवट माझा."

पुढच्या स्टेशनवर त्या उतरल्या तेव्हाही हे भांडण चाललंच होतं. बाहेर रिक्षावाल्याने "कहाँ जाना है?" म्हणून विचारलं, तर दोघी एकदम बोलल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.