जहांगीरचा उजवा बूट

मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे, मित्रांनो. उजव्या पायाचा. माझा डावा भाऊ शेजारीच असतो, पण त्याच्याकडे सांगण्यासारखे फारसे नाही. जे घडले ते माझ्याकडून घडले.

निजामाचे राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन चार वर्षे झाली होती. छावणीत जोडे शिवणाऱ्या पुंजारामने आम्हाला जाड म्हशीच्या कातड्यातून घडवले आणि तळाला चामड्याच्या गुंड्या खिळ्यांनी ठोकल्या. माझा मालक जहांगीर. त्याचे वडील निजामाच्या फौजेत शिपाई होते. फौज मोडली, वडील घरी बसले आणि जहांगीर शाळा सोडून गिरणीत लागला. तो राग त्याने कधी तोंडाने बोलून दाखवला नाही. तो सगळा माझ्यात उतरे.

जहांगीर बॅक खेळायचा. त्याच्याकडे चेंडू घेऊन येणारा गडी एक तर चेंडू सोडी, नाहीतर आडवा होई. कुणाची बरगडी गेली, कुणाचे दात गेले. औरंगाबादची माणसे सायकली हाणत त्याचा खेळ बघायला येत. मला तेव्हा अभिमान वाटे. खोटे कशाला सांगू?

एकदा माझ्या तळाचा एक खिळा बाहेर आला. पुंजाराम म्हणाला, "आण, ठोकून देतो. कुणाला तरी लागंल."

"राहू दे," जहांगीर म्हणाला.

पुढच्याच रविवारी चितेगावच्या संघाशी सामना होता. त्यांचा कडूबा अनवाणी खेळायचा. वाऱ्यासारखा पोरगा. पोलीस भरतीत त्याची निवड झाली होती, आठ दिवसांनी हजर व्हायचे होते. त्याने जहांगीरला दोनदा चकवले. दुसऱ्या वेळी जहांगीर तोंडावर पडला आणि मैदान हसले.

तिसऱ्यांदा कडूबा आला, तेव्हा चेंडू त्याच्या पायापासून हातभर लांब होता. जहांगीरने चेंडूकडे बघितलेच नाही. मी सरळ कडूबाच्या नडगीवर गेलो. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांत आधी मी ऐकला. ते कातडी फाडून बाहेर आले होते, आणि माझ्या टोकावर, त्या खिळ्यावर रक्त होते.

मग मारामारी पेटली. विटा उडाल्या, कुणी झेंड्याची काठी उपटली. जहांगीरची भुवई फुटली, तरी त्याने तिघांना माझ्याखाली तुडवले. शेवटी रेफरीने विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी चेंडूवरच गेलो होतो." रेफरीने आणि आमच्या संघाने ते मानले.

कडूबाचा पाय वाकडा जुळला. भरती हुकली.

जहांगीर आणखी सात वर्षे तसाच खेळला. मग त्याचा गुडघा गेला आणि मी पत्र्याच्या पेटीत पडलो. वर्षामागून वर्षे कुणी तेल लावले नाही. कातडे तडकले. पेटी उघडली ती जहांगीर छातीच्या दुखण्याने गेल्यावर.

त्याच्या फुटबॉल क्लबने शोकसभा ठेवली. टेबलावर त्याचा फोटो, पुढे आम्ही दोघे, हार घालून सजवलेले. अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "जहांगीरभाईंनी कधी चेंडू सोडून माणसाला मारलं नाही."

मागच्या रांगेतून एक माणूस काठी टेकत उठला. केस पिकले होते, पण मी तो पाय ओळखला.

"खोटं नका बोलू, आप्पासाहेब," कडूबा म्हणाला. "त्यानं मला जाणून मारलं."

मग जहांगीरची बायको जमिला हळूच म्हणाली, "व्हय. मला सांगितलं होतं त्यांनी. जानबूझके मारा, म्हणायचे."

"मग मला येऊन का नाय सांगितलं? चितेगाव काय लई लांब आहे?"

"हिंमत नाय झाली. भाऊ, त्यांच्या वतीनं मी माफी मागते."

कडूबाने नकारार्थी मान हलवली. "तुमची नको, वहिनी. तुम्ही नाय मारलं. अन् ज्यानं मारलं, तो आता कुठून मागणार?" मग तो आप्पासाहेबांकडे वळला. "त्याच्यासारखा बॅक मी पुन्हा पाह्यला नाय, हेबी खरंच आहे. हे बूट क्लबात ठेवाल, तर खाली दोन्ही लिहा."

त्याने आमच्यावरचा हार उचलून बाजूला ठेवला आणि तो निघून गेला. आप्पासाहेबांनी खाली मान घातली, खिशातून पेन काढले.

आता आम्ही क्लबच्या काचेच्या कपाटात आहोत. खाली चिठ्ठी आहे: 'जहांगीर यांचे बूट. असा बॅक पुन्हा झाला नाही. उजव्या बुटाने त्यांनी चितेगावच्या कडूबाचा पाय मुद्दाम मोडला.'

मित्रांनो, कपाट उघडलेत तर मला थोडे तेल लावा, कातडे फार सुकले आहे. पण चिठ्ठीची शाई फिकी दिसली, तर तेल राहू द्या. आधी ती अक्षरे गिरवा. दोन्ही ओळी.