सोल्यूशनची खोली

चिमणी हे नाव तिला थोरल्या भावानं ठेवलं होतं. लहानपणी ती झोपेतसुद्धा बडबडायची म्हणून. पुढे तिचं लग्न झालं, नवरा वारला, केस पिकायला लागले, तरी नाव तेच राहिलं आणि बडबडही.

नवरा गेल्यावर दादानंच तिला आपल्या घरी आणलं. मागची खोली रिकामी करून दिली आणि तो सुपरवायझर होता त्या बुटांच्या कारखान्यात कामाला लावलं. "बसून काम आहे, आणि मी आहे तिथं," तो म्हणाला. तिला तेवढं पुरे होतं. दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

सोल्यूशनच्या खोलीत बायका लांब टेबलाला बसायच्या. पुढ्यात चिकटवायच्या सोल्यूशनचा उघडा डबा, हातात ब्रश. सोलच्या कडेनं पातळ थर द्यायचा, तो जरा सुकला की त्यावर बूट दाबून बसवायचा. थरावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायम बंद. भिंतीतला पंखा एकदा बंद पडला तो पडलाच. सोल्यूशनचा वास गोडसर होता. दुपारपर्यंत डोकं हलकं व्हायचं आणि मग कुणी काही बोललं की सगळ्या खिदळायच्या. "फुकटात चढतेय, तक्रार कसली करता?" असं चिमणीच म्हणायची. तिच्या हाताखालून गेलेला बूट उकलून परत आला, असं कधी झालं नाही.

मग एका हिवाळ्यात दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर, मांड्यांवर निळे डाग उठले. "कुणाशी मारामारी करून येतेस गं?" वहिनी चेष्टेनं म्हणाली. ताप मात्र हटेना. जिना चढताना मध्येच खाली बसावं लागलं, तेव्हा दादानं तिला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या इस्पितळात.

रक्ताचा कॅन्सर निघाला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि आधी कामाचं विचारलं. डबा कसला, वास कसा, खिडक्या किती. चिमणीनं सगळं सांगितलं.

"स्वस्तातल्या सोल्यूशनमध्ये बेन्झिन असतं," बाई म्हणाल्या. "ते श्वासातून आत जातं आणि हाडांच्या आत, जिथं रक्त तयार होतं, तिथं पोचतं. तिथल्या पेशींना इजा करतं. इजा झालेली पेशी स्वतःची डागडुजी करते. फारच बिघडलेली असेल तर शरीर तिला मोडीत काढतं. हे सगळ्यांच्याच अंगात चालू असतं. पण रोज घाव बसत राहिले की कधीतरी डागडुजी चुकते. त्या चुकीवर आणखी एक चूक चढते. आणि मग एखादी पेशी मरायची ती मरतच नाही, नुसती वाढत सुटते."

"म्हणजे ती माझीच?"

"पेशी तुमचीच. घाव बाहेरचा. शपथेवर सांगता येणार नाही, दुसरं कारणही असू शकतं. पण इतकी वर्षं त्या खोलीत बसल्यावर मी आधी तिकडेच बोट दाखवेन."

संध्याकाळी दादा आला तेव्हा तिनं हे त्याला सांगितलं. तो डब्यातलं सूप वाटीत ओतत होता. "डॉक्टर लोकांना कशाचंतरी नाव घ्यायला लागतंच," तो म्हणाला. "मीसुद्धा त्याच कारखान्यात उभा असतो. मला काय झालंय?" तिला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंनाच सुनावलं, "माझ्या भावाला विचारा, तो सांगेल तुम्हाला."

औषधांनी तिचे केस गेले, तोंड सोलवटलं. ओकारी आली की दादा भांडं धरायचा. बाई म्हणाल्या, रोग दबलाय, पण उलटेल. दुसऱ्याच्या हाडातला मगज घालावा लागेल, आणि सख्ख्या भावंडाचा जुळला तर सोन्याहून पिवळं. दादाचा जुळला. तो लहान मुलासारखा रडला. चिमणी वॉर्डातल्या प्रत्येकीला सांगत सुटली, "भाऊ असावा तर असा!"

त्याच आठवड्यात दादाची मुलगी छकुली भेटायला आली. पूर्वी ती आत्याच्या शेजारीच ब्रश घेऊन बसायची, आता पॅकिंगला होती. संत्रं सोलता सोलता ती हुंदके द्यायला लागली.

"रडतेस कशाला? तुझा बाप देतोय ना मला?"

"आत्या, बाबांनी मला तिथून का काढलं, तुला ठाऊक आहे?"

"पॅकिंगला हलकं काम असतं म्हणून."

"नाही गं. त्या वर्षी तपासणीला एक माणूस आला होता. त्यानं डबे हुंगूनच सांगितलं, ह्यानं रक्त नासतं, बायकांना इथं बसवू नका. मालक बाबांना म्हणाले, तोंड बंद ठेव. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, ते मी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला टाकलं. मला वाटलं, तुला तरी सांगितलं असेल. तू तर त्यांची बहीण."

चिमणीनं हातातली संत्र्याची फोड परत सालीत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला शब्द सापडत नव्हता. त्या वर्षाच्या दुपारी तिला आठवत राहिल्या. दादा दारात उभा राहून "हात चालवा, हात चालवा" म्हणायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. ती म्हणायची, साहेब झाला आता, वासाचा तिटकारा येतो त्याला.

दादा आला. तिनं त्याला बसू दिलं नाही.

"छकुलीला का काढलंस?"

त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. तरी तिनं पुन्हा विचारलं.

"पोर लहान होती," तो म्हणाला. "अजून लग्न व्हायचं होतं, मुलंबाळं व्हायची होती."

"आणि मी?"

"तुझं अंग काटक. मला वाटलं, तुला काही होणार नाही. आणि चिमणे, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत अख्खी खोली उठून गेली असती. माझी नोकरी गेली असती. मग तुला तरी कुणी सांभाळलं असतं?"

"मला सांभाळायला मलाच तिथं बसवून ठेवलंस?"

तो खाटेचा कठडा धरून उभा राहिला.

"परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते रे. मालक गेला खड्ड्यात, त्याच्याकडून माझी अपेक्षाच नव्हती. पण तू संध्याकाळी माझ्याबरोबर चालत घरी यायचास. मी खोकले की पाठ चोळायचास. तेव्हा एकदा तरी जिभेवर आलं नाही?"

"रोज यायचं."

"मग ते आणखी वाईट," ती म्हणाली.

मग तिनं बजावलं, "खोलीतल्या बाकीच्या बायकांना जाऊन सांग. आजच."

दादानं मान खाली घातली. "मगज मागशील तेवढा देतो, चिमणे. पण हे करायला मला नको सांगूस."

मगज तिनं घेतला. घेऊ की नको, ह्यावर ती एक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग बाईंना म्हणाली, "मला जगायचंय. त्याच्याकडून येतंय म्हणून मी कशाला मरू?" पण त्याआधी तिनं छकुलीकरवी खोलीतल्या बायकांना इस्पितळाच्या बागेत बोलावलं. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, अशी ती बाकावर बसली आणि होतं तसं सांगितलं. भावाचं नाव गाळलं नाही. एकीचा विश्वास बसेना. दुसरी तिथंच गवतात बसली आणि म्हणाली, "माझ्याही हिरड्यांतून रक्त येतंय." डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं. त्या दुसरीचं बिघडायला लागलं होतं, पण वेळेत कळलं. बायका कामाला गेल्या नाहीत. तेव्हा कुठं खिडक्या उघडल्या, डबे बदलले, मालकानं सगळा दोष सुपरवायझरवर ढकलला आणि दादाला घरी बसवलं.

दादाच्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज चिमणीच्या अंगात रुजला. रक्त हळूहळू सुधारलं. ती दादाच्या घरी परतली नाही. खोलीतल्याच एकीनं आपल्या शेजारी तिला जागा बघून दिली.

काही महिन्यांनी दादा दारात आला. वाळला होता. तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "आता तर आपलं रक्तसुद्धा एकच झालं, चिमणे."

"आधीही एकच होतं," ती म्हणाली.

तो उठला. जिन्यावर तो मध्येच थांबल्याचं तिनं ऐकलं. तिला वाटलं, हाक मारावी. जीभ उचलली गेली नाही. पाय खाली उतरत गेले. तिनं पेला विसळून पालथा घातला आणि गोळ्या घ्यायची वेळ झाली होती म्हणून डबी उघडली.