धुरपताबाईच्या सुतळ्या

लातूरच्या बाजारात हिशेबनीस बदलणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं. माणूस एक वेळ धंदा बदलेल, गाव सोडेल, पण जुन्या हिशेबनिसाला हात लावणार नाही, कारण घरातली सगळी अंडीपिल्ली त्यालाच ठाऊक. धुरपताबाईचं तर अकरा वर्षं मार्तंडरावांवाचून पान हलत नव्हतं.

तिचा धंदा बारदान्याचा. डाळमिलींकडून फाटकी पोती विकत घ्यायची, पत्र्याच्या शेडमध्ये बुद्धवाड्यातल्या अठरा बायांकडून दाभणानं शिवून घ्यायची आणि धडकी करून पुन्हा मिलींनाच विकायची. नवरा ज्ञानोबा बाहत्तरच्या दुष्काळात गेला. तेव्हा मार्तंडरावांनी खटपट करून परवाना तिच्या नावावर करून दिला होता. हे उपकार ती विसरली नव्हती, आणि मार्तंडराव तिला विसरू देत नव्हते.

दर तीन महिन्यांनी ती त्यांच्या घराच्या पायरीवर बसायची, पावत्यांची पिशवी पुढं करायची आणि ते बोट ठेवतील तिथं अंगठा उठवायची. काही विचारलं की उत्तर ठरलेलं. "तुला त्यातलं कळायचं नाही, धुरपता." तिलाही ते खरंच वाटू लागलं होतं. एकच गोष्ट माणसानं अकरा वर्षं ऐकली की दुसरं काय होणार?

त्र्याऐंशी साली पुन्हा दुष्काळ पडला. तूर आली नाही, मिली बंद पडल्या, आणि बंद मिलीला पोतं कशाला लागतंय? फाल्गुनात शेडमधल्या अठरा बायांच्या सात उरल्या, चैत्रात चार. बाकीच्या खडी फोडायला गेल्या. अशात एक बातमी आली. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, नवं कलेक्टर ऑफिस कामाला लागलं होतं. त्यांना ओढ्यांवर वाळू भरून बांध घालायला दहा हजार पोती हवी होती. टेंडर निघालं. तीन वर्षांचा हिशेब आणि विक्रीकर भरल्याचा दाखला जोडायचा. मुदत तीन आठवडे.

दहा हजार पोती म्हणजे अठराही बायांना पाऊस पडेपर्यंत काम. धुरपताबाई त्याच दिवशी मार्तंडरावांच्या पायरीवर जाऊन बसली.

"दप्तर शोधावं लागेल," मार्तंडराव म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यात त्यांना कणकण होती. त्याच्या पुढच्या खेपेला ते पूजेला बसले होते, म्हणून ती थांबली. ओसरीवरच्या मेजावर टाईप केलेल्या कागदांची चळत होती. धुरपताबाईला अक्षर येत नव्हतं, पण बाजारातला प्रत्येक छाप तिला येत होता. पोतं उलटं असलं तरी कोणत्या मिलीचं ते ती लांबूनच सांगायची. वरच्या कागदावर जांभळ्या शाईत बैल होता, वशिंडावर घंटा असलेला. हा छाप शेषेरावांचा. शेषेराव म्हणजे बारदान्यातले बडे आडते, अर्ध्या बाजाराला पोती पुरवणारे. त्यांचं टेंडर तयार होतं आणि तिचं दप्तर काही सापडत नव्हतं.

मार्तंडराव सोवळं सावरत बाहेर आले.

"माझं दप्तर द्या," धुरपताबाई म्हणाली.

"अगं, सापडलं की..."

"सापडलं न्हाई तर ऱ्हाऊ द्या. म्या दुसरीकडं बघते."

मार्तंडराव हसले. "बघ, बघ. दप्तराशिवाय तुझा हिशेब कोण करतो ते मलाही बघू दे."

ती पायरी उतरली. उपकार केलेल्या माणसाला तोंडावर बोलणं सोपं नसतं. तिला रागही आला होता आणि रडूही.

गोलाईच्या चौकाजवळ औषधाच्या दुकानावर एक नवी पाटी लागली होती. नांदेडला बी. कॉम. होऊन आलेली सौदामिनी नावाची मुलगी तिथं विक्रीकराची कामं करायची. करायची म्हणजे, करायला बसली होती. चार महिन्यांत तिच्याकडं कुणी फिरकलं नव्हतं. पोरीच्या हाती दप्तर कोण देणार? धुरपताबाई जिना चढली खरी, पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी पाणी मागून, उन्हाळ्याच्या गोष्टी करून परत निघाली. सौदामिनीनंच तिला थांबवलं.

"मावशी, एवढ्या उन्हात नुसतं पाणी प्यायला जिना चढलात होय? बसा. खुर्चीवर बसा."

मग सगळं बाहेर पडलं. सौदामिनीनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी तिनं एकच विचारलं, "पोती किती आली, किती गेली, याची तुमच्याकडं काहीच नोंद नाही?"

"कागुद न्हाई, ताई. सुतळ्या हायत."

शेडमध्ये गेल्यावर सौदामिनी आढ्याकडं बघतच राहिली. खिळ्यांना ओळीनं सुतळ्या लटकत होत्या. दर अमावास्येला एक नवी. पंचवीस पोत्यांचा गठ्ठा विकला की एक गाठ, आणि ज्या मिलीला विकला तिच्या पोत्याची चिंधी त्या गाठीत. माल परत आला तर गाठीला काळा दोरा. खरेदीच्या सुतळ्या पलीकडच्या भिंतीवर. भाव तेवढे सुतळीवर नव्हते, ते धुरपताबाईला पाठ होते.

"मार्तंडरावांना हे कधी दाखवलं नाहीत?"

"त्ये शेडात कवा आलेच न्हाईत."

सौदामिनीनं पदर खोचला आणि खाली पोत्यावर बसकण मारली. धुरपताबाई एकेक गाठ बोटानं सरकवत सांगायची, ती लिहून घ्यायची. चार दिवस हे चाललं. उरलेल्या चौघी बाया शिवता शिवता ऐकायच्या आणि मध्येच आठवण द्यायच्या. वहीचं पान भरलं की सौदामिनी ते मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि धुरपताबाईनं मान हलवल्यावरच पुढचं पान घ्यायची. आपला धंदा कागदावर कसा दिसतो हे धुरपताबाई जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

मग सौदामिनी वही घेऊन सगळ्या मिलींत फिरली. त्यांच्या खरेदीशी गाठ न् गाठ जुळली. जिल्हा होण्याआधीची, कर भरल्याची चलनं जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, उस्मानाबादला होती. एसटीनं मुरुडमार्गे दोन खेपा करून तिनं त्यांच्या नकला आणल्या. कर दर वर्षी भरलेला होता. मुदतीच्या आदल्या दिवशी दाखला हाती पडला, आणि दोघींनी मिळून टेंडरचा लिफाफा पेटीत टाकला.

कलेक्टर ऑफिसात साहेबांसमोर लिफाफे फोडायच्या दिवशी शेषेराव आपल्या हिशेबनिसाला, म्हणजे मार्तंडरावांनाच, घेऊन आले होते. भाव वाचले गेले. धुरपताबाईचा भाव पोत्यामागं वीस पैशांनी कमी निघाला. शेषेरावांनी मार्तंडरावांकडं बघितलं आणि मार्तंडराव उठले.

"साहेब, या बाईचं दप्तर माझ्या घरी आहे. मग हा हिशेब आला कुठून? बाईला अक्षरओळख नाही. कुणीतरी बसून रचलेला आहे हा."

खोलीत कुजबुज सुरू झाली. सौदामिनी उठू लागली, पण साहेबांनी तिला हातानंच बसवलं आणि वही उघडली.

"बाई, गेल्या वर्षी कार्तिकात किती माल विकला?"

अठरा बायांचं पोट त्या एका प्रश्नावर येऊन बसलं होतं. धुरपताबाईनं डोळे मिटले, आढ्याखालची सुतळ्यांची ओळ आठवली.

"छत्तीस गठ्ठे. नऊशे पोती."

साहेबांनी वहीत बघितलं. "ज्येष्ठात?"

"चार. हंगाम सरून मिली बंद व्हत्या, साहेब."

"त्याच्या आदल्या वर्षी पौषात... बावीस गठ्ठे, बरोबर?"

"न्हाई. एकवीस."

मार्तंडरावांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "बघा, साहेब."

"गेले बावीसच," धुरपताबाई म्हणाली. "एक उंदरानं कुरतडलेला निघाला. आठ दिसांनी वापस घेतला. त्याचं पैसं बी वापस दिलं."

साहेबांचं बोट खालच्या ओळीवर सरकलं. तिथं थांबलं. "एक गठ्ठा परत," त्यांनी मोठ्यानं वाचलं, आणि वही मिटली. "रचलेला हिशेब कुणाला इतका पाठ नसतो, मार्तंडराव. दहा हजार पोती या बाईंची. पहिली हजार सोमवारी द्या."

धुरपताबाईला एकदम हसू आलं आणि ते काही केल्या आवरेना. सौदामिनीनं तिचा हात घट्ट धरला. त्या पोरीचे डोळे भरले होते.

बाहेर व्हरांड्यात मार्तंडरावांनी तिला गाठलं. शेषेराव त्यांच्याशी न बोलताच जीपमध्ये बसून निघून गेले होते.

"धुरपता," ते म्हणाले, "एवढं सगळं तुला येत होतं, तर अकरा वर्षं बोलली का नाहीस?"

धुरपताबाईनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. तिच्या मनात आता राग उरला नव्हता, आणि भीती तर मुळीच नव्हती.

"तुमी कवा इचारलंच न्हाई," ती म्हणाली, आणि खडीवर गेलेल्या चौदा जणींना परत बोलवायला निघाली.