पायांनी फेडायचा नवस

आईने नवस बोलताना पुढचा विचार केला नव्हता. अमोस लढाईतून जिवंत परत आला तर तो आपल्या पायांनी हैफाला, आम्हा ज्यूंच्या एलियाहू हनाबी पैगंबराच्या गुहेत येईल, असं ती बोलून बसली. माझा भाऊ परत आला, पण उजव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन. आमच्या किर्यात मलाखी गावाहून हैफा म्हणजे जवळजवळ अर्धा इस्राएल, आणि तो आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत चालला तरी गुडघ्याला शेक द्यावा लागे. डॉक्टर म्हणाला, चालू नकोस, सायकल चालव, सायकल गुडघ्याला चांगली. त्यावर नाथान मामाने, आईच्या थोरल्या भावाने, तोड काढली.

"पायानं येईल असं बोललीस ना? मग पायडल काय हातानं मारतात?"

आईने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, हनाबीला चालेल. हनाबीला काय चालतं आणि काय नाही, हे आमच्या घरात आई आणि मामा मिळून ठरवत.

अमोसला एकट्याला पाठवायची आईची छाती नव्हती. तो झोपेत ओरडत उठे, आणि गुडघा कधी कधी मध्येच आखडून बसे. शिवाय गुहेजवळ मलिदा, म्हणजे नवसाचा गोड प्रसाद, करायचा तर पोहे भिजवायला, नारळ खवायला बाईमाणूस हवं. तेव्हा मी. लोणच्याच्या कारखान्यातून मी सुट्टी काढली. कुरकुर केली नाही, कारण या नवसाच्या दुसऱ्या टोकाला माझं लग्न होतं.

योरामशी लग्न करायचं मी केव्हाच ठरवलं होतं. तो आमच्याच गावात गॅरेजमध्ये कामाला होता, आईबाप रुमानियाचे ज्यू. आई वर्षभर अडून बसली. आपल्यातला नाही, त्यांच्या घरात मिरची शिवत नाहीत, उद्या तुझी पोरं मला आजी कुठल्या भाषेत म्हणणार, असं रोज काहीतरी. शेवटी नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, रोश हशानाला, ती हो म्हणाली. पुढे दहाच दिवसांनी दरफाळणीचा सण. आमची माणसं किपूरला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उपासाला, दरफाळणीच म्हणतात. त्या दुपारी सायरन वाजला आणि लढाई सुरू झाली. अमोस फौजेत, सिनायच्या वाळवंटात होता. कित्येक दिवस त्याची काहीच खबर नव्हती. मग कळलं की तो दवाखान्यात आहे.

तेव्हापासून आई मला नाही म्हणाली नाही, फक्त हो म्हणायची थांबली. लग्नाचा विषय काढला की एकच उत्तर. "आधी नवस फेडून या, मग तुझं बघू." हिवाळा गेला, वसंत गेला. अमोसचा गुडघा सायकलीपुरता सुधारला तेव्हा उन्हाळा लागला होता.

सायकली योरामनेच तयार केल्या. मागे कॅरियर बसवले, ब्रेक पुन्हा पुन्हा तपासले, जादा ट्यूब, पंचरचं सोल्यूशन, पंप, सगळं एका पिशवीत बांधून दिलं. अमोस शेजारी बसून त्याला पाने देत होता. निघताना योराम मला म्हणाला, "येताना तारीख घेऊन ये." मी त्याला म्हटलं, तारीख नाही, महिना तरी नक्की आणते.

पहिले दिवस फार चांगले गेले, हे मला कबूल करायलाच हवं. सकाळी ऊन चढायच्या आत निघायचं, दहाच्या सुमाराला एखाद्या संत्र्याच्या बागेत सावली धरायची, आणि चार वाजता पुन्हा सायकलवर. अमोसने फौजेतला छोटा तंबू आणला होता. त्यात दोघं मावायचो, पण एक कुशीवर वळला की दुसऱ्यालाही वळावं लागे. तेल अवीवच्या दक्षिणेला वाळूत तंबू ठोकला तेव्हा वाऱ्याने तो दोनदा उडवला. अमोस लंगडत त्याच्यामागे धावला आणि मी पोट धरून हसले. तोही हसला. लढाईनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मुंबईहून आलो तेव्हा विमानातून त्याला कडेवर घेऊन मीच उतरले होते, आईच्या दोन्ही हातांत गाठोडी होती. काम असलं की मी ताई, नसलं की नुसती लेआ, अशी त्याची रीत. पण त्या वाटेवर तो काम नसतानाही मला ताई म्हणत होता. मला वाटलं, माझा भाऊ मला परत मिळाला.

चढ आला की त्याचा गुडघा दुखायचा. मग मी त्याचं सामान माझ्या कॅरियरवर घ्यायची. नतान्या गावाच्या पुढच्या मुक्कामानंतर तर तंबू, प्रायमस, भांडी, मलिद्याचं सामान, सगळं माझ्याचकडे होतं आणि तो मोकळी सायकल चालवत होता. नवस त्याचा आणि ओझं माझं, असं मी त्याला चिडवलं. तो पायडल मारत पुढे निघून गेला. मला तेव्हा कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारीच आम्ही दोर गावाच्या किनाऱ्याला पोचलो. तिथून हैफा म्हणजे एका सकाळचं काम, म्हणून तंबू लवकर ठोकला. मी समुद्रात पाय धुतले आणि प्रायमसवर खिचडी टाकली. मनातून इतकी खूश होते की तोंड थांबेना. आता परत गेलं की आई तारीख देईल. सुक्कोतच्या सणानंतरची मागू, तोवर ऊन कमी होतं. योरामच्या आईला मेंदीला बोलवायचं, तिला हातभर बांगड्या भरायच्या.

"आणि माझ्या मेंदीला तू नाचायचं नाहीस हां," मी म्हटलं. "गुडघा जपायचा."

अमोसने ताटली वाळूवर ठेवली. "दाय, लेआ."

दाय म्हणजे पुरे. मी विचारलं, काय पुरे?

"लग्नाचं बोलू नको." तो समुद्राकडे बघत होता. "उद्या मला नवस मोठ्यानं बोलायचाय. मामानं पाठ करून घेतलाय. तू तिथे उभी असशील. तिथे ऐकण्यापेक्षा आत्ताच ऐक."

मग त्याने सांगितलं. आईच्या नवसाचे दोन भाग होते. पायांनी गुहेत येण्याचा भाग दुसरा. पहिला भाग असा, की माझा अमोस मला दे, मी लेआला त्या परक्या घरात देणार नाही. नव्याच्या सणाला आई हो म्हणाली आणि दहा दिवसांत तिचा मुलगा हरवला. एवढं तिला पुरलं होतं. नवस बोलताना घरात मामा होता, आणि मीही होते, स्वयंपाकघरात, मामासाठी चहा करत.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"दवाखान्यातनं घरी आलो तेव्हा."

म्हणजे सगळा हिवाळा त्याला माहीत होतं. योराम कॅरियर आवळत होता आणि हा त्याला पाने देत होता, तेव्हाही माहीत होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. मी म्हटलं, आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसं झालं हे. नवस बोलायचा तर माणूस स्वतःचं काहीतरी देतो. आईकडे सोन्याच्या पाटल्या होत्या. मीठ सोडायचं होतं, मासळी सोडायची होती. तिने मला सोडलं.

मग राग गिळून मी त्याला समजावलं, कारण अजून काही गेलं नव्हतं. नवस सुटतो. दर नव्याच्या सणाआधी आपली माणसं देवळात सोडवतातच. तीन माणसं समोर बसवायची, आईने सांगायचं की मी भीतीच्या भरात बोलले, ते म्हणतात सुटला, की सुटला. "मी सांगितलं तर ती ऐकणार नाही," मी म्हटलं. "तुझं ऐकेल. तुझ्यासाठीच तर बोलली."

 अमोस म्हणाला, "आणि मला फौजेनं परत बोलावलं तर?"

"तुझा गुडघा बघून तुला कोण पुढे पाठवणार?"

"आमच्या गाडीत चौघं होतो. मी एकटा बाहेर आलो. मी का आलो, सांग. आईनं नवस बोलला त्याच दिवशी मला कोणीतरी ओढून काढलं. मी दिवस ताडून बघितलाय."

"तू मानतोस हे?"

"पहिलं मानत नव्हतो. आता हे मानायचं नाही तर काय मानू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी मेलो तर तुला चालेल काय, ताई?"

 असा प्रश्न विचारणारा जिंकलेलाच असतो. मी खिचडीचं पातेलं उचललं आणि वाळूने घासत बसले, आणि माझ्या भावाबद्दल मला जे वाटलं ते तोवर कधी कोणाबद्दल वाटलं नव्हतं. मला त्याची दया येत होती आणि मला त्याचा तिटकारा आला होता, एकाच वेळी.

मी दोरहूनच परत फिरायला हवं होतं. मी फिरले नाही, कारण माझी एक खात्री होती. तंबूत, वाळूवर बसून तो काहीही म्हणो, माझ्या तोंडावर, मोठ्याने, तो ते वाक्य उच्चारू शकणार नाही. मी त्याला कडेवर घेतलं होतं. त्याचं नाक मी पुसलं होतं. सकाळी सामान बांधताना मी त्याला म्हटलं, "मलिदा मी करते. पण नवस तू पुरा बोलायचा. पुटपुटायचं नाही. मला ऐकू आला पाहिजे."

"बेसेदेर," तो म्हणाला. ठीक आहे.

कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी गुहा आहे, तिच्यापुढे अंगण. त्या दिवशी तिथे मोरोक्कोच्या दोनतीन कुटुंबांनी सतरंज्या टाकल्या होत्या. कोणाच्या तरी नातवाची पहिली हजामत होती, मोठमोठ्या पातेल्यांतून जेवण आलं होतं. मी एका बाकावर सामान मांडलं. पोहे भिजवले, नारळ फोडून खवला, साखर आणि वेलची घातली, वर खजूर आणि केळी रचली. हात नेहमीसारखे चालत होते, याचंच मला नवल वाटलं. त्या बायका कौतुकाने बघत होत्या. एकीने विचारलं, तुम्ही होदूचे का? मी म्हटलं, हो, हिंदुस्तानचे.

अमोस आत जाऊन मेणबत्ती लावून आला. डोक्यावरची टोपी नीट केली आणि ताटासमोर उभा राहिला. मी त्याच्या अगदी समोर उभी राहिले, हातभर अंतरावर, म्हणजे त्याला माझ्याकडे बघावंच लागेल.

त्याने बघितलं. आणि तो बोलला.

"एलियाहू हनाबी, माझ्या आईनं तुला बोललेलं मी पुरं करतो. तू मला जिवंत आणलंस. मी माझ्या पायांनी आलो. माझी बहीण लेआ, तिला आम्ही त्या परक्या घरात देणार नाही. आमचा नवस मान्य कर."

तो कुठेही अडखळला नाही. माझं नाव घेताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. बोलून झाल्यावर तो थांबला, कारण कोणीतरी आमेन म्हणायचं असतं आणि त्याच्या माणसांपैकी तिथे मी एकटीच होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

आमेन म्हटलं ते त्या मोरोक्कोच्या बायकांनी. सगळ्यांनी मिळून, खड्या आवाजात, मनापासून. त्यांना मराठीचं एक अक्षर कळलं नव्हतं. फौजेतून आलेला लंगडा पोरगा देवाजवळ काहीतरी मागतोय, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. एका म्हातारीने पुढे येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती माझ्याकडे वळली आणि माझा हात धरून हिब्रूत म्हणाली, "काय मागितलं ग तुझ्या भावानं?"

"माझं लग्न होऊ नये म्हणून मागितलं," मी म्हटलं.

तिने माझा हात सोडला. अमोसकडे पाहिलं, मग ताटाकडे. "मग आम्हाला आमेन कशाला म्हणायला लावलं?" ती त्याच्यावर खेकसली.  अमोस खाली बसला आणि मलिदा वाटायला लागला. तिथे कोणीतरी वाटायलाच हवा होता.

मी घास घेतला नाही. तंबू आणि भांडी त्याच्या सायकलीशेजारी उतरवून ठेवली आणि बसच्या तळावर गेले. माझी सायकल बसच्या पोटात घातली. किर्यात मलाखीला उतरून घरी नाही, गॅरेजमध्ये गेले. सुक्कोतनंतर आमचं लग्न झालं. सगळं योरामच्या आईने केलं. माझ्या बाजूने कारखान्यातल्या चार मैत्रिणी होत्या. आई आली नाही. अमोसही आला नाही.

याला आता दहा वर्षं झाली. अमोसचंही लग्न झालं, त्याला दोन मुली आहेत, असं ऐकते. गुडघ्यामुळे त्याला पुढे धाडत नाहीत, पण मिलुईम, म्हणजे राखीव फौजेचं बोलावणं, त्यालाही दर वर्षी येतं. लेबनॉनच्या लढाईच्या वेळी दोनदा आलं. ते आलं की नाथान मामा न चुकता योरामच्या गॅरेजमध्ये फोन करतो. "लेआला सांगा, अमोसला बोलावणं आलंय." एवढं बोलून ठेवून देतो. योराम म्हणतो, तू लक्ष देऊ नकोस. मी नवस मानत नाही, त्या गुहेत पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. पण फोन आल्या दिवसापासून गल्लीत फौजेची गाडी, वाईट खबर आणणारी असते तशी, वळली की मी हातातलं काम टाकून ती कुठे थांबते ते बघत उभी राहते. तो परत आला हे सांगायला मात्र आजवर कोणी फोन केलेला नाही.