दोन दाढांची जागा

वैभवीनं तोंड उघडलं खरं, पण डॉक्टरांचा बारका आरसा आत शिरायच्या आधीच मिटूनही घेतलं.

"दोन वर्षं तरी लागतीलच ना?"

"आधी दात तर बघू देशील?" डॉक्टर राधा हसल्या. त्या मूळच्या इंदूरच्या, त्यामुळे मराठी कानावर पडली की हिंदी बाजूला ठेवत.

खुर्चीशेजारच्या स्टुलावर दिलीप मांडीवर फाइल घेऊन बसला होता. कॉलनीतल्या मुलांना तार लावायला आया दंडाला धरून आणत; ही त्याची तेरा वर्षांची मुलगी मात्र बुधवारपासून आपणहून तारेच्या मागे लागली होती. नवलच.

या घराबद्दल एवढं सांगायला हवं, की दिलीपच्या नोकरीत सात बदल्या झाल्या होत्या आणि वैभवीची ही पाचवी शाळा. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरखाली टेम्पोचा हॉर्न वाजला की आतल्या ट्रंका आपणहून झाकणं मिटून घेतात, असं शेजारी शपथेवर सांगत. लोखंडी कपाट तर म्हणे एकदा एकटंच जिना उतरून टेम्पोपाशी जाऊन उभं राहिलं होतं. कपाटाचं कुणीतरी वाढवून सांगितलं असेल. ट्रंकांचं मात्र खरं.

आरसा आत गेला, फिरला, बाहेर आला.

"खालचे दोन जरा एकमेकांना खेटलेत, एवढंच. तार नाही लावली तरी काही बिघडत नाही."

वैभवीचा चेहरा उतरला. "पण लावली तर?"

"लावली तर दीड-दोन वर्षं. दर महिन्याला यायचं. चिक्की बंद, पॉपकॉर्न बंद. पहिले चार दिवस वरणभातसुद्धा दगडासारखा लागतो. आणि तार निघाली म्हणजे सुटलो असं नाही हं. नंतर रिटेनर घालायचा, नाहीतर दात निघाले परत आपल्या जुन्या जागी."

"आणि मध्येच कुणी दुसऱ्या शहरात गेलं तर?"

"कागद, एक्स-रे देतो की बरोबर. पण शक्यतो एकाच हाताखाली पुरं झालेलं बरं."

"हे लेटरहेडवर लिहून द्याल? शिक्का मारून?"

दिलीपचं बोट फाइलच्या दोरीत अडकलं. मंगळवारी आलेला शिलाँगच्या बदलीचा हुकूम त्यानं गॅसच्या पुस्तकाखाली दडवला होता. बायकोला, वीणालाही बोलला नव्हता. आणि इथे मुलगी कागद तयार करायला निघाली होती. सरकारी नोकराचीच मुलगी ती. सोबत काही जोडल्याशिवाय अर्ज टेबलावरून हलत नाही, हे तिला पाढ्यांच्या आधी कळलेलं.

"गॅसचं पुस्तक कशाला उघडलंस?" त्यानं हळू विचारलं.

"आईनं नंबर बघायला सांगितला." वैभवी दिव्याकडे बघत राहिली. "तिनं पण वाचलाय, बाबा. तू कधी बोलतोस म्हणून थांबलीय."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "जे लागत नाही ते लागतं, असं मी लिहीत नाही, बेटा."

वैभवी खुर्चीवरून उतरली. चपला समोरच होत्या, तरी बराच वेळ शोधत राहिली.

दिलीप कसंनुसं हसला, नेहमीसारखा तोंडावर हात धरून. लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये नवरदेव मोकळं हसतोय असा एकच फोटो होता, आणि तो त्याच्या धाकट्या भावाचा निघाला होता.

"हात काढा बघू," डॉक्टर म्हणाल्या. मग मुलीच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा."

"मी?"

"बसा हो."

नवे हातमोजे चढले. आरसा आता या तोंडात फिरला, आणि एके ठिकाणी थबकला.

"एक इकडची दाढ, एक तिकडची. पडलेल्या नाहीत या, मापानं काढल्यात. तारेसाठी जागा केली होती ना कुणी?"

"नागपूरला. सातवीत होतो." दिलीप छताकडे बघत म्हणाला. "तार पुढच्या महिन्यात लावायची होती."

"मग?"

"पुढच्या महिन्यात आम्ही जबलपूरला होतो. वडिलांची बदली."

पस्तीस वर्षं वाट पाहून शेजारचे दात त्या दोन जागांत आडवे कलले होते. प्लॅटफॉर्मवर माणसं ट्रंकेला टेकून डुलक्या घेतात, तसे.

"आता काय होणार," तो म्हणाला. "सत्तेचाळीस झाली."

"हिरड्या धड असल्या तर वयाचं काही नाही. आधी एक्स-रे काढू. पण दोन वर्षांत भागायचं नाही हे. अडीच धरा."

वैभवी एक चप्पल हातात घेऊन तशीच उभी होती.

बावीस वर्षांत दिलीपनं बदलीविरुद्ध एक ओळ खरडली नव्हती. जिथे धाडलं तिथे गेला, आणि ओठ मिटून गेला. आता त्यानं घसा खाकरला.

"हे... लेटरहेडवर मिळेल?"

"हे मिळेल," डॉक्टर म्हणाल्या. "हे खरंय."

संध्याकाळी त्यानं गॅसच्या पुस्तकाखालचा कागद काढून वीणापुढे ठेवला. तिनं कागदाकडे बघितलंही नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात एक्स-रे धरून बघत राहिली.

"या दोन जागा?"

"हो."

"अठरा वर्षांत सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"तोंड उघडलं असतंस तर विचारलं असतं!"

वैभवी लॅपटॉपवर अर्ज टाइप करत होती. खाली 'सोबत' लिहून तिनं वर बघितलं. "बाबा, एक्स-रेची प्रत एक की दोन?"

"दोन घाल. एक ऑफिसवाले हरवतातच."

खाली कुणाच्या तरी टेम्पोचा हॉर्न वाजला. तिघांच्याही माना भिंतीकडे वळल्या. थंडीच्या रजया काढायला सकाळी उघडलेल्या ट्रंका ओळीनं मांडलेल्या होत्या.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक.

झाकणं उघडीच राहिली.